सोडली होती, पण सुटली नव्हती

मराठीत सिगारेटविषयी बोलताना आपण दोन क्रियापदे जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. ‘मी सिगारेट सोडली’ असे म्हणतो आणि ‘त्याची सिगारेट सुटली’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात माणूस कर्ता आहे; त्याला तारीख आहे, साक्षीदार आहेत, क्वचित मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथही आहे. दुसऱ्या वाक्यात माणसाने काही केलेले नाही, काहीतरी हळूहळू सैल होत जाऊन एक दिवस गळून पडलेले आहे. सोडणे एका रात्रीत होते, सुटायला मात्र महिने लागतात आणि बहुतेक जण पुन्हा पेटवतात ते या दोहोंच्या मधल्या पट्ट्यातच. त्या वेळी भोवतालचे लोक ‘ये रे माझ्या मागल्या’ म्हणून मोकळे होतात, तो माणूस स्वतःही ‘आपल्याच्याने हे व्हायचे नाही’ असा निकाल देऊन टाकतो आणि पुढचा प्रयत्न करायला कधीकधी दोन-दोन वर्षे लावतो. हा निकाल अपुऱ्या पुराव्यावर दिलेला असतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी पुन्हा सुरुवात होण्याचे प्रमाण पाहू. औषध किंवा समुपदेशन न घेता केवळ निश्चयाच्या बळावर सिगारेट सोडणाऱ्या १०० जणांपैकी सहा महिने ते वर्षभरानंतरही तिच्यापासून लांब असलेले जेमतेम ३ ते ५ जण असतात, असे या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो, आणि बहुतेकांचे पाऊल पहिल्या आठ दिवसांतच घसरलेले असते. शंभरातले पंच्याण्णव जण दुबळ्या मनाचे असतात असे मानण्यापेक्षा हा रस्ताच निसरडा आहे असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. जे आज कायमचे मुक्त आहेत, त्यांपैकी बहुतेकांनीही आधी अनेकदा सोडून पुन्हा धरलेली असते; ते फक्त त्याविषयी बोलत नाहीत.

माझे स्वतःचे सांगतो. मी दिवसाला आठ सिगारेटी ओढत असे आणि मग सात महिने एकही ओढली नव्हती. थोरल्या काकांच्या दहाव्याला आम्ही सगळे नदीच्या घाटावर होतो. पिंड ठेवून तासभर झाला तरी कावळा काही शिवेना. नात्यातले एकेक जण पुढे होऊन हात जोडून ‘धाकटीचे लग्न आम्ही लावून देऊ, काळजी करू नका’ अशी आश्वासने देत होते, ऊन चढत होते आणि उरलेली पुरुषमंडळी पिंपळाच्या सावलीला सरकली होती. तिथे एका चुलतभावाने काही न बोलता पाकीट पुढे केले. पाकीट उघडे होते आणि त्यातली एक सिगारेट बोटाच्या पेराएवढी वर सरकवून ठेवलेली होती. मी ती घेतली. त्या क्षणी मला तलफ आली नव्हती, हे मला आजही स्पष्ट आठवते. हात गेला तो सवयीने, आणि ‘नको’ म्हणायला जे वाक्य लागते ते तयार नव्हते म्हणून.

तलफ नसताना हात का जातो, हे समजायला निकोटीन मेंदूत काय करते ते थोडे पाहावे लागेल. झुरका घेतल्यापासून साधारण १० ते २० सेकंदांत निकोटीन फुप्फुसांतून रक्तावाटे मेंदूत पोचते. तिथल्या पेशींवर रिसेप्टर नावाची, कुलुपासारखी रचना असते. निकोटीनची किल्ली त्या कुलपात बसली की पुढे डोपामिन हे रसायन स्रवते आणि मेंदू नोंद करतो की आत्ता जे केले ते महत्त्वाचे आहे, पुन्हा करण्याजोगे आहे. रोजच्या माऱ्यामुळे मेंदू या कुलपांची संख्या वाढवून ठेवतो. निकोटीन रक्तातून लवकर उतरते, दोन तासांत त्याचे प्रमाण जवळपास निम्मे होते, आणि मग ही वाढीव, रिकामी कुलपे ओरड करू लागतात. चिडचिड, अस्वस्थता, झोप मोडणे, कशात लक्ष न लागणे, सारखी भूक लागणे ही सगळी त्याचीच रूपे होत. ‘सिगारेटने ताण जातो’ असे जे वाटते, त्यात मागच्या सिगारेटने निर्माण केलेला ताण पुढचीने तात्पुरता मिटवण्याचा भाग फार मोठा असतो.

सिगारेट बंद केल्यावर ही ओरड पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीचशी शमते. मेंदूच्या छायाचित्रणावर आधारलेल्या अभ्यासांत असे दिसले आहे की वाढलेले रिसेप्टर साधारण सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्या माणसाच्या पातळीवर येतात. म्हणजे घाटावर उभा असताना, सात महिन्यांनंतर, माझ्या शरीराची निकोटीनची मागणी केव्हाच संपलेली होती. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण आपण हट्टी माणसाविषयी वापरतो, पण ती मेंदूला अधिक लागू पडते. जेवण झाले की एक, चहाबरोबर एक, कुणाची वाट पाहताना एक, चारचौघांत अवघडल्यासारखे झाले की एक, अशा हजारो जोड्या मेंदूने वर्षानुवर्षे बांधून ठेवलेल्या असतात. रोजच्या जोड्या रोज सामोऱ्या येतात आणि प्रत्येक वेळी न ओढल्यामुळे ढिल्या पडत जातात. मात्र दहावे रोज येत नाही. ती गाठ सात महिने कुणी हलवलेलीच नव्हती. उशिरा होणाऱ्या घसरणी बहुधा अशाच विरळ प्रसंगी होतात: लग्नाची रात्र, इस्पितळाबाहेरची टपरी, वीस वर्षांनी भेटलेले वर्गमित्र.

आणि ‘एका झुरक्याने काय होते’ याचेही उत्तर प्रयोगातून मिळालेले आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की एकदोन झुरक्यांतच मेंदूतल्या या प्रकारच्या रिसेप्टरांपैकी सुमारे निम्मे व्यापले जातात, तेही तीनेक तासांसाठी, आणि एक संपूर्ण सिगारेट ओढली तर जवळजवळ ८८ टक्के. म्हणून एक सिगारेट क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. ती क्षुल्लक नाही. पण तिच्यानंतर पाकीट विकत घेतलेच पाहिजे असाही काही शारीरिक नियम नाही. पाकीट घ्यायला लावते ते दुसरेच काही, आणि मला वाटते सगळा प्रश्न तिथे आहे.

आपल्याकडे उपासाच्या दिवशी चुकून तोंडात शेंगदाण्याऐवजी फुटाणा पडला, तर घरात कुणीतरी हमखास म्हणते, ‘मोडलाच आहे ना आता, मग जेवूनच घे.’ उपास अखंड असला तरच उपास, त्यात अर्धामुर्धा प्रकार नाही, आणि म्हणून एका फुटाण्यानंतर पोळी-भाजी काय नि श्रीखंड काय, फरक उरत नाही. सिगारेट सोडणारा माणूस नकळत आपल्या निश्चयाला उपासाचेच नियम लावतो. घाटावरून परतताना मी काही पाकीट घेतले नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घेतले. टपरीशी उभा असताना मनात जे वाक्य होते ते शब्दशः ‘मोडलेच आहे तर’ असे होते. पुढचे पाच आठवडे मी पहिल्यासारखा ओढत होतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लेट यांनी व्यसनमुक्तीनंतरच्या घसरणीचा बारकाईने अभ्यास केला आणि १९८५ मध्ये ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह ‘मोडलेच आहे तर’ हा परिणाम सविस्तर मांडला. त्यांचे सांगणे थोडक्यात असे की पहिल्या चुकीनंतर माणूस तिचे कारण कुठे शोधतो यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. ‘मी तिथे, त्या माणसांत, तयारीशिवाय गेलो’ असे कारण सापडले तर ती एक घटना राहते. ‘मी मुळातच असा आहे’ असे कारण सापडले तर अपराधीपणा येतो, तो सहन होत नाही, आणि असह्य भावना शमवण्याचा त्या माणसाच्या हाताशी असलेला सर्वांत जुना उपाय म्हणजे सिगारेट. अपराधीपणा हा शिक्षेसारखा वाटतो, पण कामाला तो इंधनाच्या येतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातली मंडळी म्हणूनच दोन शब्द वेगळे ठेवतात. एकदा पाय घसरणे म्हणजे ‘स्लिप’, आणि जुन्या क्रमात परत जाऊन बसणे म्हणजे ‘रिलॅप्स’. व्यवहारात अनेकदा पहिल्यातून दुसरे होते, हे खरे आहे. पण दोहोंच्या मधे काही तास, कधी एक-दोन दिवस असतात, आणि माझ्या बाबतीत तर तब्बल सव्वा दिवस होता. त्या सव्वा दिवसात मी कुणालाही काही सांगितले नाही. सांगितले असते तर पाकीट घेतले नसते, असे मला अजूनही वाटते.

उमेद टिकवायची तर या वेळी हिशेब नीट मांडावा लागतो. दिवसाला आठ याप्रमाणे सात महिन्यांत माझ्या सुमारे १,६८० सिगारेटी टळल्या होत्या. त्यांच्यासमोर घाटावरची एक. उपासाच्या हिशेबात ती एक सगळे पुसून टाकते, पण फुप्फुसे आणि हृदय उपासाचा हिशेब ठेवत नाहीत. सिगारेट थांबवल्यावर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड साधारण १२ तासांत स्वाभाविक पातळीवर येतो, पहिल्या काही आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारू लागते, पुढच्या काही महिन्यांत खोकला आणि धाप कमी होते आणि वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. मधे घसरण झाली म्हणून त्या महिन्यांत मिळालेला आराम ‘पहिले पाढे पंचावन्न’ होत नाही. शिवाय सात महिने राहता येते हा अनुभव हाताशी उरतो, आणि पूर्वी जास्त काळ लांब राहिलेल्यांना पुढचा प्रयत्न तुलनेने अधिक साधतो.

याच ठिकाणी मन एक घासाघीस सुरू करते, तिच्यापासून सावध राहावे: ‘पूर्ण नाही जमत, तर दिवसाला एकच ओढू.’ दिवसाला एक म्हणजे विसाव्या हिश्श्याचा धोका, असे गणित साहजिकच वाटते. पण अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसले की दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याच्या वाट्यालाही, वीस ओढणाऱ्याच्या हृदयविकाराच्या जादा धोक्यापैकी जवळजवळ निम्मा येतो. हृदयाच्या बाबतीत तरी शेवटची एक सोडणे हेच मोठे काम आहे. दुसरी घासाघीस वयाची असते: ‘आता पन्नाशी आली, व्हायचे ते होऊन गेले.’ ब्रिटनमधल्या डॉक्टरांवरचा १९५१ मध्ये सुरू झालेला आणि पन्नास वर्षे चाललेला रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो यांचा अभ्यास याला उत्तर देतो. साठीत सोडणाऱ्यांना सरासरी ३ वर्षे, पन्नाशीत ६, चाळिशीत ९ आणि तिशीत सोडणाऱ्यांना १० वर्षे अधिक आयुष्य मिळाल्याचे त्यात आढळले.

तिसरी घासाघीस खास आपल्याकडची आहे. सिगारेट सुटत नाही म्हणून माणूस तंबाखू मळू लागतो आणि ‘धूर तरी बंद झाला’ असे समाधान मानतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणजे मळायला शिकवणारा सोबती इथे कोणत्याही कचेरीत, कोणत्याही पारावर सापडतो. निकोटीन तेच, कुलपे तीच, आणि तोंडाचा कर्करोग वर.

पुढच्या प्रयत्नाची तयारी घसरणीच्या तपशिलातून करावी. ‘का ओढली’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. त्याचे उत्तर बहुधा ‘टेन्शन होते’ असे मोघम येते. कुठे, कितव्या वाजता, कुणाबरोबर, हातात काय होते, सिगारेट विकत घेतली की कुणी दिली, हे विचारले की वेगळीच माहिती निघते. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर एक मागितली की एक मिळते हे सर्वांना ठाऊक आहे, आणि परतीचा रस्ता बऱ्याचदा या सुट्या एका सिगारेटीपासूनच सुरू होतो. मग टपरीची बाजू टाळून पलीकडच्या पदपथाने जाणे हा हास्यास्पद उपाय राहत नाही.

या माहितीचे ‘जर–तर’ अशा वाक्यात रूपांतर करावे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये दाखवले की ‘मी हे करीन’ अशा नुसत्या निश्चयापेक्षा ‘अमुक घडले तर मी तमुक करीन’ असा आधी बांधलेला निश्चय कितीतरी अधिक वेळा पाळला जातो, कारण ऐनवेळी विचार करावा लागत नाही. माझे वाक्य असे होते: ‘कुणी पाकीट पुढे केले, तर मी “डॉक्टरांनी बंद केलीय” म्हणेन आणि पाणी प्यायला उठेन.’ डॉक्टरांनी तसे काही खास सांगितले नव्हते, पण आपल्या समाजात ‘मला नको’ याला चार आग्रह होतात आणि डॉक्टरांच्या नावाला एकही होत नाही. पुढच्याच वर्षी आणखी एका दहाव्याला, त्याच घाटावर, त्याच भावाने पाकीट पुढे केले, तेव्हा हे वाक्य तोंडातून आपोआप निघाले. एकेक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटांत ओसरते. वरच्या पायरीपर्यंत जाऊन पाणी पिऊन यायला तेवढा वेळ पुरतो.

काही कारणे मात्र मनाची नसतात, आणि ती ठाऊक नसल्यामुळे माणूस उगाच स्वतःला दोष देतो. सकाळी सिगारेट ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार लाजेपोटी फारसे कुणी करत नाही, पण केवळ त्यापायी पुन्हा ओढू लागलेले लोक मला ठाऊक आहेत. निकोटीन आतड्यांना चालना देते, त्यामुळे सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकतो. भरपूर पाणी, फळे, पालेभाज्या, चालणे आणि गरज पडल्यास इसबगोल यांनी तो काळ निभतो. दुसरी गंमत चहाची. तंबाखूच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा झपाट्याने करत असते. सिगारेट थांबली की हा वेग उतरतो आणि तेवढ्याच कपांतून शरीरात कितीतरी अधिक कॅफिन साचते. छातीत धडधड, हात थरथरणे, झोप न येणे याला आपण सिगारेटची आठवण समजतो आणि त्यावर उतारा म्हणून आणखी एक कटिंग मागवतो. पहिले काही आठवडे चहा-कॉफी निम्म्यावर आणून पाहावी. दारूविषयी अधिक सांगायला नको. दुसऱ्या पेगनंतर कोणतेही ‘जर–तर’ आठवत नाही.

ज्याने दोन-तीनदा नुसत्या निश्चयावर प्रयत्न केला आहे, त्याने पुढचा प्रयत्नही तसाच करण्यात काही मर्दुमकी नाही. निकोटीनचे च्युइंग गम किंवा पट्टी वापरल्याने यशाची शक्यता जवळपास दीडपट होते, आणि पट्टी व गम एकत्र वापरले तर एकेकट्यापेक्षा अधिक. गम बहुतेक जण चुकीचे खातात, साध्या च्युइंग गमसारखे सतत चघळतात, त्याने उचकी लागते, घसा जळतो, आणि ‘मला नाही सोसले’ म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करतात. ते सावकाश चावावे, तिखटसर चव आली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवावे, चव गेली की पुन्हा चावावे, असे अर्धा तास. आधीच्या पाव तासात चहा, कॉफी, सरबत घेऊ नये, कारण तोंड आम्लधर्मी झाले की निकोटीन शोषले जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर अवलंबित्व तीव्र समजतात आणि २ ऐवजी ४ मिलिग्रॅमचे गम सुचवतात. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही आहेत. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या, आणि हृदयरोग, फिट्स, गर्भारपण किंवा मानसिक आजार असेल तर तसे आधी सांगायचे. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. हा क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावरच छापलेला असतो, त्यामुळे शोधावा लागत नाही. घसरणीनंतरही तिथे फोन करता येतो, आणि माझ्या मते खरे तर तेव्हाच करावा.

घरच्यांचे एक. शर्टाला वास आल्यावर ‘वाटलेच होते मला’ हे वाक्य कितीही खरे असले तरी त्याचा परिणाम एवढाच होतो की पुढची सिगारेट जिन्यात ओढली जाते. माझ्या बायकोने पाचव्या आठवड्यात मला फक्त ‘ती पहिली कुठे ओढलीस?’ असे विचारले, आणि घाटाची सगळी हकिगत मी प्रथमच कुणाला सांगितली.

राहता राहिला मुहूर्त. पाडवा, वाढदिवस, श्रावणातला पहिला सोमवार असा दिवस ठरवून सोडणारे पुष्कळ असतात, पण घसरलेल्या माणसाच्या हातात तो ठरलेला दिवस म्हणजे तोवर ओढण्याचा परवाना होतो. इंग्लंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सोडण्याच्या प्रयत्नांपैकी जवळजवळ निम्मे पूर्वनियोजनाशिवाय, मनात आले त्याच क्षणी केलेले होते, आणि किमान सहा महिने टिकण्यात ते नियोजित प्रयत्नांच्या पुढे होते. बायकोला घाटाची हकिगत सांगितली त्या रात्री माझ्या पाकिटात अकरा उरल्या होत्या. ‘एवढ्या संपवतो आणि मग’ असे मी म्हणालो, मग बायकोकडे पाहिले, आणि मोरीत जाऊन त्या एकेक करून नळाखाली धरल्या. ओल्या सिगारेटचा वास फार वाईट येतो, आणि तंबाखू जाळीत अडकून पाणी तुंबते. ती रात्री साडेदहाला मलाच काढावी लागली.